रानबिब्ब्याचे डाग

त्या पाच-सहा दिवसांचा क्रम मला आजही डायरी न उघडता सांगता येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातले अपघात पाहिले. त्यांतले पुष्कळ तपशील आता पुसट झालेत. ही केस मात्र तशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. कारण यात आरोपी शोधायला मला अर्धा दिवसही लागला नव्हता, आणि मी शोधलेला आरोपी चुकीचा होता.

तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यात, देवरूखच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या एका लहान ठाण्याचा प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक होतो. हद्द डोंगराळ, वाड्या दूर दूर, माणसं कमी. शिमगा दोन-तीन आठवड्यांवर आला होता आणि शेतकरी भाजावळीच्या कामात होते. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून ते जाळायचं, म्हणजे भाजावळ. त्या दिवसांत सकाळी कुठल्याही वाडीत जा, दोन-चार ठिकाणी धूर दिसायचाच.

शुक्रवारी दुपारी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. पलीकडून एक पुरुष घाईघाईने बोलला, "सायेब, आमच्या वाडीत सुनेनं सासऱ्यावर ॲसिड टाकलंन. म्हातारा वाचत नाय. लवकर या." वाडीचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा म्हाताऱ्याला जीपमधून ग्रामीण रुग्णालयात हलवलं होतं. मी तिथे गेलो. माणूस सत्तरीच्या पुढचा. दोन्ही डोळे सुजून बंद, ओठ फुगलेले, गालांवर आणि मानेवर फोडांच्या रांगा. हातांवर काळे ओघळ, जणू कोणी काहीतरी ओतलं आणि ते खाली वाहत गेलं. श्वास घेताना घशातून घरघर येत होती. बोलणं शक्यच नव्हतं.

ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, कोकणात नुकतेच आलेले. मी विचारलं, "ॲसिडच ना?"

ते म्हणाले, "रसायनानं भाजल्यासारखं दिसतंय. पण नक्की कशानं ते मला सांगता येत नाही."

त्यांच्या उत्तरातलं पहिलं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दुसरं नाही.

घशाची सूज वाढत होती म्हणून म्हाताऱ्याला लगेच रत्नागिरीला पाठवलं. सोबतच्या कागदावर इतिहास म्हणून ‘ॲसिड टाकल्याचा संशय’ असं लिहिलं गेलं. तो संशय मीच पुरवलेला होता.

घरात माणसं तीनच: म्हातारा, त्याची सून आणि तिची चार वर्षांची मुलगी. मुलगा मुंबईत नोकरीला. तो रातोरात निघून शनिवारी सकाळी ठाण्यात हजर झाला. डोळे लाल, दाढी वाढलेली. फिर्याद त्यानेच दिली, स्वतःच्या बायकोविरुद्ध. लिहून घेणारा हवालदार क्षणभर थांबला, तेव्हा तो म्हणाला, "लिवा सायेब. बापाचं तोंड बघून आलोय मी."

गुन्हा दाखल झाला आणि आम्ही पंचनाम्याला निघालो. न्हाणीत संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली सापडली, अर्धी रिकामी. ती सील केली. म्हाताऱ्याने अंगावर घातलेला शर्ट दोरीवर वाळत होता, स्वच्छ धुतलेला, पण काळे डाग तसेच. तोही जप्त केला. धुतलेला कपडा म्हणजे पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न, अशी नोंद मी स्वतः सांगून घेतली. मग घराखालच्या शेतात गेलो. भाजावळीची राख पसरली होती. आणखी एखादी बाटली तिथे टाकली असेल म्हणून एका शिपायाला राख उकरायला लावलं. हा शिपाई सोलापूरकडचा, नव्याने बदलून आलेला. त्याने एक अर्धवट जळकी फांदी उचलली आणि तिनेच सगळी राख खालीवर केली. काही मिळालं नाही.

शेजारणीचा जबाब घेतला. तिने सांगितलं, "गुरवारी दोघांचं मोठ्यानं वाजलं. ती ओरडत होती, ‘आबा, तुम्ही हे काय केलंत?’ आणि म्हातारा सांगत होता, ‘मेलो तरी चालंल, कोणाला सांगू नकोस.’"

याचा अर्थ काय लावायचा? मी सरळ लावला. घरातलं काहीतरी झाकायचं होतं, त्यावरून भांडण झालं, रागाच्या भरात बाई हातात मिळेल ते फेकून मोकळी झाली. पोलिसाच्या डोक्यात गोष्ट एकदा अशी बसली की पुढचं सगळं तिच्यातच बसवलं जातं.

तिला चौकशीसाठी आणलं. महिला हवालदार सोबत होत्या. वय अठ्ठावीसच्या आसपास, अंगाने काटक, पदर हातांवरून घट्ट ओढलेला. सुरुवातीला मी तिला ‘तुम्ही’ म्हणत होतो.

"गुरुवारी सासऱ्यांशी भांडण झालं?"

"झालं."

"कशावरून?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"त्यांनी कोणाला सांगू नकोस म्हटलं. काय सांगायचं नव्हतं?"

तिने पदर आणखी खाली ओढला.

"पदर बाजूला करा. हात दाखवा."

तिने हात पुढे केले. मनगटापर्यंत लाल, बोटांच्या बेचक्यांत फोड, नखांच्या कडांना काळपटपणा. महिला हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं.

"हे कशानं?"

"आबांचे कपडे धुतले."

"कपडे धुवून हात भाजतात?"

"मी काय टाकलं नाय, सायेब."

दुपारनंतर मी ‘तू’ वर आलो. टेबलावर हात आपटला. मुलीचा विषय काढला, आई तुरुंगात गेली की लेकराचं काय होतं ते सांगितलं. ती रडली, पण शब्द बदलला नाही. भांडण कशाचं, ते सांगत नव्हती. टाकलं नाही, एवढंच धरून होती. अशी चिकाटी मी सराईत गुन्हेगारांत पाहिली होती आणि तिला मी त्यांच्याच रांगेत बसवलं.

सूर्यास्तानंतर बाईमाणसाला ठाण्यात ठेवता येत नाही. नवऱ्याने घरात घ्यायला नकार दिला. शेवटी तिच्या भावाच्या हमीवर, सोमवारी दहा वाजता हजर राहायच्या अटीवर, तिला माहेरी पाठवलं. नवऱ्याने मुलगीही तिच्याबरोबर जाऊ दिली. म्हणाला, "तिला कोण सांभाळणार? न्या."

रविवार फार वाईट गेला. सकाळीच वाडीतली पन्नास-साठ माणसं ठाण्याच्या आवारात आली. "गुन्हेगाराला सोडलात कशी?" हा एकच प्रश्न. एकाने तर तोंडावर विचारलं, "तुमच्या बापाच्या अंगावर टाकलं असतंन तर सोडली असतीत?" दुपारी बातमी आली की तिच्या भावाच्या घरावर दगड पडले, कौलं फुटली, एक दगड पडवीत बसलेल्या तिच्या आईच्या पायाला लागला. दोन माणसं बंदोबस्ताला तिकडे पाठवली. ठाण्यात तिघेच उरलो. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. आवाज शांत होता, पण अर्थ स्पष्ट होता. "उद्या अटक दाखवा. प्रकरण चिघळतंय." रत्नागिरीहून रुग्णालयाची खबर होती की म्हाताऱ्याला ऑक्सिजन लावलाय. तो गेला असता तर कलम बदललं असतं आणि गावही माझ्या हाताबाहेर गेलं असतं.

सोमवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना ती आली. एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. महिला हवालदारांनी पिशवी तपासली. त्यात तिच्या दोन साड्या आणि मुलीचे चार फ्रॉक होते. "मुलीला आत नेता येतं का, ते विचारायचं होतं," ती म्हणाली. अटकेचे कागद माझ्या टेबलावर तयार होते. फक्त सही राहिली होती.

त्याच वेळी बाहेर हजेरी चालू होती. माझे एक जुने हवालदार आठवडाभराच्या रजेवरून त्या सकाळी रुजू झाले होते. याच तालुक्यातले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांचा आवाज आत ऐकू आला, "तोंडाला काय झालं रे तुझ्या?"

मी बाहेर गेलो. सोलापूरचा तो शिपाई रांगेत मान खाली घालून उभा होता. एक डोळा जवळजवळ मिटलेला, कपाळ सुजलेलं. "बाही वर कर," मी म्हणालो. त्याने केली. उजव्या हातावर लांबच लांब फोडांची रेघ आणि तिच्या कडेने काळा ओघळ.

मी तो ओघळ ओळखला. तसेच ओघळ शुक्रवारी रुग्णालयात पाहिले होते.

"कधीपासून?"

"काल सकाळपासनं सर. आधी नुसती खाज होती. सुट्टी मागायला बरं वाटंना म्हणून..."

"कुठे हात घातलास?"

"कुठंच न्हाई सर. शनिवारी जळक्या फांदीनं ती राख उकरली, तेवढंच. घाम आला तर त्याच हातानं पुसला."

जुन्या हवालदारांनी त्याला हात उजेडात धरायला लावला, वास घेतला नाही, बोट लावलं नाही, नुसतं पाहिलं. "सायेब, ह्याच्या अंगावर बिबा उतलाय. रानबिबा. फांदी ताजी असणार, चीक ओला असणार. धोबी कपड्यांवर खुणा करतात ना, त्या बिब्ब्याच्याच जातीतलं झाड. चीक आधी पांढरट असतो, वारा लागला की काळा होतो. आणि लागलाय हे माणसाला लगेच कळत नाय. एक दिवसानं, दोन दिवसांनी उठतो."

मी त्यांना काही न सांगता मुद्देमालातला शर्ट आणायला लावला. त्यांनी पारदर्शक पिशवीतूनच तो उलटसुलट केला. "ॲसिड पडलं असतं तर कापडाला भोकं पडली असती. ह्याचा धागा पण तुटलेला नाय. हा डाग धुऊन जाणारच नाय, सायेब. ज्यानं धुतला असेल त्याचे मात्र हात गेले असतील."

आत बाकावर ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. दारातून मला तिचे हात दिसत होते. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला शरम हाच शब्द आहे. पण शरमेवर गुन्हा उलगडत नाही. अटकेचे कागद मी ड्रॉवरमध्ये टाकले, स्टेशन डायरीत रवानगीची नोंद केली आणि वनरक्षक आणि दोन पंच घेऊन शेतावर गेलो.

यावेळी पूर्ण बाह्या, हातमोजे. राखेच्या कडेला ती अर्धी जळकी फांदी पडली होती. वनरक्षकाने पाहताच सांगितलं, "रानबिबाच. ओला जाळलाय. ह्याचा धूर डोळ्यांत, नाकात गेला तर माणूस आतून सुजतो."

प्रश्न एवढाच उरला की ती आली कुठून. शेताच्या बांधावर फांद्या ओढत आणल्याच्या रेघा होत्या. त्या धरून आम्ही वर चढलो. दोनशे पावलांवर दाट झाडी लागली. तिच्या अगदी कडेला एका झाडाच्या खालच्या चार फांद्या कोयत्याने तोडलेल्या होत्या आणि त्या जागांवर काळा चीक डांबरासारखा सुकला होता.

माझ्याबरोबरचा पंच, वाडीतलाच माणूस, थबकला. पायांतल्या चपला काढल्या, हात जोडले. "सायेब, ही देवरहाटी आहे."

देवरहाटी म्हणजे गावच्या देवाचं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. आणि म्हातारा गावचा मानकरी होता. शिमग्यात देवाची पालखी उठते तेव्हा पहिला खांदा त्याचा. देवरहाटीत कोणी कोयता लावला तर गावकीच्या बैठकीत त्याला उभं करून दंड सांगणारा माणूस तोच. चाळीस वर्षं.

ठाण्यात परतलो. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि एवढंच म्हणालो, "झाड सापडलं, बाई. देवरहाटीतलं."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "मी सांगितलं नाय हां, सायेब. तुम्हीच शोधलंत. आबांनी माझ्या पोरीची शपथ घातलीन होती."

मग सगळं आलं. घरच्या डोंगरातली झाडं काजूच्या कलमांसाठी काढून टाकली होती, त्यामुळे यंदा भाजावळीला फांद्या कमी पडल्या. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले, लांब जाववत नव्हतं. बुधवारी कोणी बघू नये म्हणून फटफटायच्या आत तो एकटा गेला आणि हाताला येतील त्या फांद्या तोडून आणल्या. एरवी रानबिबा त्याने लांबूनच ओळखला असता, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि उजेड नाही. गुरुवारी जाळताना धूर भलताच झोंबू लागला, तेव्हा सुनेने विचारलं, ही ओली लाकडं कुठची? तेव्हा त्याने कबूल केलं. भांडण झालं ते हेच.

"शनिवारी का नाही बोललीस? तुला आत टाकत होतो आम्ही."

"आबांचा मान गेला असता."

"आणि तुझं काय झालं असतं?"

ती मुलीचे केस सारखे करत राहिली.

मी तिथूनच रत्नागिरीच्या डॉक्टरांना फोन लावला. ॲसिड नाही, रानबिब्ब्याचा चीक आणि धूर, असं सांगितलं. ते म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर फार बरं झालं असतं." त्यांनी औषधं बदलली. बुधवारपर्यंत घसा मोकळा झाला, एक डोळा किलकिला उघडला.

त्याच दिवशी मी जबाब घ्यायला गेलो. मुलगा खाटेशेजारी होता. म्हाताऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं, "सून कुठाय? आली नाय ती?"

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. सांगायचं काम माझ्यावर आलं. फिर्याद, चौकशी, दगड, सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता. संपल्यावर तो मुलाला म्हणाला, "गावकऱ्यांना बोलाव. हितंच. आजच."

संध्याकाळी पाच जण आले. त्याने नर्सला सांगून स्वतःला उठवून बसवून घेतलं. "देवाच्या झाडाला कोयता लावणारा मी. माझ्या हातानं. दंड काय तो सांगा, मान काढून घ्या. पण माझ्या सुनेच्या माहेरावर ज्यांनी दगड टाकले, त्यांनी आधी जाऊन ती कौलं बसवायची. ती होईपर्यंत मी ह्या खाटेवरून घरी जाणार नाय."

कौलं दुसऱ्या दिवशी बसली. पालखीचा पहिला खांदा त्या वर्षी दुसऱ्या घरात गेला. गुन्ह्यात, घटना गैरसमजातून नोंदली गेल्याचा अहवाल पाठवून आम्ही ‘क’ समरी, म्हणजे खटला न भरता तपास बंद करण्याची न्यायालयाची मंजुरी, मागितली. ती मंजूर झाली. फाईल बंद.

या केसनंतर मी माझ्या माणसांना काही सवयी लावल्या आणि वाचणाऱ्यांनीही त्या लावून घ्याव्यात, म्हणून इथे सांगतो. रानात जाताना पूर्ण बाह्या घाला. ओळख नसलेल्या झाडाची फांदी मोडू नका, तिने रस्ता साफ करू नका आणि ती कधीही जाळू नका, कारण धूर चिकापेक्षा वाईट. चीक लागल्याचा नुसता संशय आला तरी लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा; खाज सुटायची वाट पाहत बसलात तर उशीर होतो. त्या हाताने तोंड, डोळे पुसू नका. ते कपडे वेगळे ठेवा, हातमोजे घालून धुवा. कोयत्याचा दांडाही धुवा. खाजकुयलीच्या शेंगांची कुसं लागली तर चोळायचं नाही, चोळलं की ती आत जातात. चिकटपट्टी लावून ती उचलून काढायची. श्वास लागला, डोळे सुजले तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना आधी हे सांगा की गेले दोन-तीन दिवस तुम्ही कुठे होतात, कशाला हात लावलात. पोलिसांनीही हेच विचारायला हवं. मी त्या बाईला दिवसभर ‘का केलंस’ विचारत राहिलो. आदल्या दोन दिवसांत घरात काय काम चाललं होतं, हे एकदाही विचारलं नाही. तिने ते सांगितलं नसतं, कदाचित. पण मला निदान विचारायचं सुचायला हवं होतं.

समरी मंजूर झाल्यावर मी तिच्या माहेरी गेलो. मुद्दाम गणवेशात, ठाण्याच्या गाडीतून, भर दुपारी, सगळ्यांनी बघावं म्हणून. हात बरे झाले होते, कातडी नवी, गुलाबी आली होती. ती अजून सासरी परतली नव्हती. नवरा दोनदा येऊन अंगणातूनच माघारी गेला होता. मी म्हणालो, "माझी चूक झाली." तिने मान हलवली, पण ‘असू दे’ म्हणाली नाही. मला ते योग्यच वाटलं.

मी निघताना तिने विचारलं, "सायेब, मला एक कागद मिळंल? मी टाकलं नाय, असा. पोरगी शाळेत जाईल, कोणीतरी तिला बोलंल. तेव्हा दाखवायला."

असा नमुना पोलीस खात्यात नाही. आरोप करायचे, जप्त करायचे, अटक करायचे सगळे फॉर्म आहेत. मी गाडीतून एक कोरा कागद आणला, पडवीत बसून स्वतःच्या हाताने लिहिलं की या बाईने कोणताही गुन्हा केलेला नाही, तिच्यावरचा संशय खोटा होता आणि तो घेणारा अधिकारी मी होतो. खाली नाव, हुद्दा, सही. कायद्याच्या दृष्टीने त्याला काडीची किंमत नव्हती. तिने तो दोनदा वाचला, मग मुलीला जवळ बोलावलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवून, तिला समजो न समजो, मोठ्याने वाचून दाखवला. माझं नाव आलं तेव्हा मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच उभा राहिलो. वाचून संपेपर्यंत हललो नाही.